न विचारलेला प्रश्न

परदेशी पाहुणे आमच्या चर्चच्या मंडळीत येणार हे कळलं, तेव्हा आनंदाआधी मला धास्तीच वाटली. पाच जण आठवडाभर रत्नागिरीत राहून गावोगाव डोळे तपासणार, चष्मे देणार होते आणि दुभाषी होते मी, निवृत्त नर्स. मालगुंडच्या अलीकडच्या एका बौद्धवाडीने विहाराची ओसरी शिबिराला दिली, पण एका अटीवर: डोळे तपासा, धर्माचं काही नको. मी वाडीला शब्द दिला. पाहुण्यांनाही बसवून सांगितलं, चपला बाहेर काढायच्या, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, आणि कुणाला हात लावायचा असेल तर आधी मला सांगायचं, मी त्या माणसाला विचारेन. त्यांनी सगळं नीट पाळलं. चुकले ती मीच, आणि हे सांगताना अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक आजी आल्या. चष्मा लावून त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. पाहुण्यांपैकी चष्म्याच्या काड्या बसवून देणारा पीटर, साठी उलटलेला सुतार, मला हळूच म्हणाला, यांच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का, विचार ना त्यांना. मी विचारलंच नाही. खरं सांगायचं तर ती प्रार्थना मलाच हवी होती. आजी रडताहेत म्हणजे त्यांना आवडेल, असं परस्पर ठरवून मी म्हणाले, चालेल. पीटरने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

आजी एकदम ताठ झाल्या. पायरीवर त्यांचा मुलगा उभा होता.

"माझ्या आयशीच्या डोक्यावर हात कशाला ठेवलान ह्यानं?"

बघता बघता वीसेक माणसं जमली. दोघांनी मोबाइल वर धरले. धर्म बदलायला आलेत, असं कुणीतरी मागून म्हणालं. आमचा ड्रायव्हर कानाशी येऊन कुजबुजला, "बाई, सगळ्यांना गाडीत बसवा." पळालो असतो तर या वाडीचं दार कायमचं बंद झालं असतं, आणि थांबलो तर परक्या देशातून माझ्या भरवशावर आलेल्या माणसांवर हात पडायची भीती होती.

तेवढ्यात एक अनोळखी, वयस्कर बाई पुढे आल्या. त्यांच्या बोलण्यात शिक्षिकेची जरब होती. त्या मुलाला म्हणाल्या, "थांब रे जरा." मग माझ्याकडे वळल्या. "बाय, हात ठेवायच्या आधी आजीला इचारलंस काय?"

हो म्हणणं सोपं होतं. पीटरवर ढकलणं त्याहून सोपं, त्याला एक अक्षर कळत नव्हतं. मनात एवढंच म्हणाले, प्रभू, मला खोटं बोलू देऊ नकोस.

"नाही," मी म्हणाले. "त्याने विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं नाही. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला."

मग त्या बाई म्हणाल्या, "तर आता इचार."

मी आजींसमोर खाली बसले. "आजी, हा तुमच्यासाठी प्रार्थना करू का म्हणतो. चालेल?"

नव्या चष्म्यातून त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. "नको गो बाय. माझं वंदन मी सकाळीच केलंय."

मी पीटरला तसंच सांगितलं. तो उठला, हात जोडून वाकला आणि शिकवून ठेवलेलं "माफ करा" म्हणाला.

"चष्मा मात्र परत देणार नाय हां," आजी म्हणाल्या, तेव्हा मागे कुणीतरी हसलं आणि मोबाइल खाली आले. मुलाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "राग गेला नाय माझा," तो म्हणाला. "पण तुम्ही खरं बोललात. बसा."

शिबिर संध्याकाळपर्यंत चाललं. त्या बाईंचे आभार मानायला गेले, तर त्या निघून गेल्या होत्या. राजापूरच्या त्या, भावाकडे आलेल्या. सकाळची एसटी चुकली म्हणून दुपारपर्यंत थांबल्या होत्या, असं कळलं. यावर मी काही बोलणार नाही, मला जे वाटायचं ते वाटलं.

इतकी वर्षं प्रार्थना करूनही प्रभूच्या वतीने मी घाई करत होते. त्याच्या हाती सोडायचं म्हणजे समोरच्याच्या नकारालाही जागा ठेवायची, हे मला त्या ओसरीवर कळलं. घरी येऊन गुडघे टेकले. आजींचं नाव ओठांवर आलं आणि मी थांबले, कारण त्या नको म्हणाल्या होत्या. मग मी फक्त त्या चुकलेल्या एसटीसाठी आभार मानले.