आधी झटकून घे

आमच्या दाजींना फसवू शकेल असा दुकानदार अजून जन्माला यायचा आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. येडगावात त्यांचा मंडपाचा धंदा. लग्न असो, साखरपुडा असो की पुढाऱ्याचा सत्कार, खांब, कनाती, खुर्च्या आणि दारापासून स्टेजपर्यंत अंथरायचं लाल कार्पेट दाजींचंच. हा माणूस साधी दोरी घेताना ती आधी दातांत धरून ओढून बघतो. खुर्च्या घ्यायच्या तर दुकानातल्या सर्वांत जाड गिऱ्हाइकाला हात जोडून तिच्यावर बसायला लावतो. दाजींना लांबून येताना बघितलं की जुन्नरचे दुकानदार जेवायला उठतात असं लोक म्हणतात, आणि सकाळी दहा वाजता जेवायला उठलेला एक तरी मी स्वतः पाहिला आहे.

अशा माणसाने कार्पेट साफ करायचं व्हॅक्युम मशीन घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा माझी भाची शाळेत जात होती. तिचं लग्न होऊन ती सासरी गेली, तरी दाजींचं पारखणं संपलं नव्हतं. त्यांना हवं होतं ते उभं मशीन, दांड्याला धरून चालत चालत ढकलायचं. दुसरं डब्याचं असतं, ते मागे ओढत न्यायचं आणि वाकून फिरवायचं. ते त्यांनी पहिल्याच दिवशी नापास केलं. "वाकावं लागतं त्याला, पावणं. तुमच्या भैनीची कंबर हाय का तशी?" हे ते मनापासून म्हणाले होते, हे मला मान्य केलंच पाहिजे.

मग पुण्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. काखेत कार्पेटच्या तुकड्याची गुंडाळी आणि पिशवीत घाणीच्या पुड्या. "आण्याच्या पठारावरची धूळ हलकी, ती नुसती वर बसती. तळेघरची तांबडी माती दोऱ्यात शिरती. आन् अक्षता, हारांचा दोरा तर समद्याच गावात." दुकानातला टाय लावलेला पोरगा बिस्किटाचा चुरा सांडून मशीन दाखवू लागला की दाजी त्याला बाजूला सारून आपली गुंडाळी उलगडत आणि तिच्यावर गावोगावची घाण पसरत. पोरगा म्हणे, "काका, हे कंपनीच्या डेमोत बसत नाही." दाजी म्हणत, "मंग कंपनीनं लगीन बघितलंच न्हाई कदी." एका मशीनने अक्षता ओढल्या आणि मागच्या बाजूने त्या पोराच्याच डोक्यावर उधळल्या. सगळं दुकान हसलं. दाजी गंभीरपणे म्हणाले, "ह्याचं लगीन लागलं. दुसरं दाखवा." दुसऱ्याच्या फिरत्या ब्रशाला हारांचा दोरा गुंडाळला आणि ते घरघर करून बंद पडलं. तिसऱ्याने माती, अक्षता, दोरा, सगळं बिनतक्रार ओढलं. तेव्हा दाजींनी ते आडवं केलं, पोटातला रबरी पट्टा चिमटीत धरला आणि विचारलं, "ह्यो तुटला तर पिठाच्या गिरणीचा बसंल का?" पोरगा कंपनीला फोन लावू लागला, म्हणून तेही राहिलं.

हे मी हसत सांगतो खरं, पण यात हसण्यासारखं काही नाही. कारण या सगळ्या वर्षांत दाजींची कार्पेटं साफ करत होती माझी बहीण. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कार्पेट अंगणाच्या भिंतीवर टाकायचं, पदर नाकाला बांधायचा आणि वेळूच्या काठीने बडवायचं. धुळीचा असा लोट उठे की अक्का त्यात दिसेनाशी व्हायची, नुसता खोकला ऐकू यायचा. शेवटी डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि स्पष्ट सांगितलं, धुळीपासून लांब राहा, नाहीतर श्वास पुरणार नाही. दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "आता मशीन घ्यायचंच, पावणं. पर घाईघाईत घेतलं तर खराब निगायचं." आणि आणखी एक लग्नसराई गेली.

अखेर मशीन आलं. दाजींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. अक्का शेजारणींना बोलावून दाखवत होती. मग तिने कार्पेट अंगणात पसरलं, पिन लावली, तेवढ्यात दाजी आडवे आले. "थांब. असली घाण घालती व्हय नव्या मशीनमदी? पट्टा तुटंल. आधी झटकून घे, मंग फिरव." धुण्याचं मशीन घरी आलं तरी आपल्याकडे कॉलरी आधी दगडावर घासून मगच आत टाकतात, त्यातलाच हा प्रकार. अक्काने पदर नाकाला बांधला, काठी घेतली, कार्पेट बडवलं आणि मग त्या साफ कार्पेटवरून मशीन फिरवलं. पुढे दर वेळी हेच. दाजी आल्यागेल्याला मशीन दाखवून सांगत, "येवढी वर्सं झाली, एक स्क्रू हलला न्हाई." दांड्यावरचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी काढू दिलं नव्हतं. मी भांडलो की मान खाली घालून ऐकून घेत. आणि अक्काच मला दटावे, "वस्तू जपून वापरावी बाबा." या दोघांत जास्त राग कुणाचा येतो हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता अक्काला तुळशीपर्यंत जायचं तरी मध्ये थांबावं लागतं. मागच्या महिन्यात मी गेलो, तेव्हा ती दारात खुर्चीवर बसली होती, मांडीवर श्वासाच्या औषधाचा पंप. अंगणात तळेघरच्या लग्नाहून आलेलं कार्पेट पसरलं होतं, तांबड्या मातीने माखलेलं. ते झटकायला आता कुणी नव्हतं. दाजींनी दोऱ्यात शिरलेली माती बोटाने उकरून बघितली, मग न झटकताच मशीन चालू केलं. अक्षता आत खडखडत गेल्या. माती गेली. मागे स्वच्छ लाल पट्टा उमटत गेला. कुठे काही तुटलं नाही.

"निगतंय का वं?" अक्काने विचारलं.

"निगतंय."

"झटकल्याबिगर?"

"झटकल्याबिगर."

"मंग इतकी वर्सं मी काय काढीत व्हते?"

तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दाजींनी मशीन बंद केलं. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे कधीपासून तयार होतं, चांगलं झोंबेल असं. पण दाजींचा चेहरा बघितला आणि मला ते तोंडाबाहेर काढवलं नाही. ते आले, त्यांनी अक्काला आधार देऊन उठवलं, खुर्ची उचलून धूळ येणार नाही अशा अंगाला ठेवली, तिला बसवलं आणि तिथेच उभे राहिले. अक्काने श्वास गोळा केला.

"माझ्याकडं काय बघताय? त्यो कोपरा ऱ्हायला."

दाजी परत गेले आणि कोपऱ्यावरून मशीन फिरवू लागले. कोपरा केव्हाच साफ झाला, तरी ते फिरवतच राहिले.