साक्षीदाराच्या सहीविना

व्हर्ना स्टॅलर्ड एकतीस वर्षं आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणुकीचं काम करत होती आणि तेवढ्या काळात तिने कुणाचीही गय केली नव्हती. पाद्रीबुवा एकदा उमेदवाराच्या नावाची टोपी घालून मत द्यायला आले, तर तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. "व्हर्ना देवाकडेसुद्धा ओळखपत्र मागेल," असं दरीतले लोक म्हणत. ती टिंगल होती, पण बाईंना ती पदवी वाटायची. नवरा वारल्यावर त्याच्या चार रायफली तिने भिंतीवर तशाच ठेवल्या होत्या, आणि लोकांच्या बंदुकांना सरकारला हात लावू न देणाऱ्या पक्षालाच तिने जन्मभर मत दिलं होतं.

तिची मुलगी क्रिस्टा वसंतात नवऱ्याला सोडून निघाली. त्या नवऱ्याने, लॉनी मलिन्सने, जेवणाच्या टेबलावर, घेवड्याच्या भांड्याशेजारी पिस्तूल ठेवून तिला विचारलं होतं, "आईला फोनवर काय सांगत होतीस?"

व्हर्नाने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भांड्याला भांडं लागतंच, क्रिस्टा. पिस्तूल काही आपोआप उडत नाही. माणसाला चिडवूच नये."

"मी घेवडा वाढत होते, आई."

क्रिस्टाने पलीकडच्या दरीत एक जुनं चाकांवरचं घर भाड्याने घेतलं. पत्ता फक्त आईला दिला. लॉनीकडे अकरा बंदुका होत्या. कोर्टाने त्याला तिच्यापासून लांब राहायचा हुकूम दिला, पण बंदुका काढून घ्यायचा अधिकार कोर्टाला नव्हता. तो अधिकार देणारा कायदा राजधानीत, राज्याच्या विधानसभेत, दोनदा आला होता आणि दोनदा पडला होता. त्या नोव्हेंबरात मिसेस ऑल्ड्रिज नावाची शाळामास्तरीण तोच कायदा आणीन म्हणून उभी राहिली. समोर होता कार्टर बॉलिंग. शिकारीच्या सामानाचं दुकान चालवणारा. तो कायदा पाडीन म्हणून.

आमच्याकडे मतदाराने टेबलासमोर उभं राहून नाव आणि पत्ता मोठ्याने सांगायचा असतो. क्रिस्टाच्या केंद्रावर लॉनीचे दोन चुलतभाऊ दर मतदानाला सकाळपासून दाराशी कॉफी पीत उभे असत. पत्ता त्यांच्या कानी पडू नये म्हणून तिने टपालाने मत दिलं. टपालाच्या पाकिटावर एक ओळ असते. मत देताना आपण समोर होतो, अशी दुसऱ्या कुणा सज्ञान माणसाने तिथे सही करायची. क्रिस्टा तेव्हा कुणालाच दार उघडत नव्हती. ती ओळ कोरी राहिली.

टपालाची पाकिटं तपासायला व्हर्ना आणि डोरीन किल्गोर अशा दोघी बसल्या. सकाळी होमर कायझरचं पाकीट निघालं. वय अठ्ठ्याऐंशी, जुना सैनिक, बॉलिंगच्या दुकानातला रोजचा बसणारा. साक्षीदाराची ओळ कोरी.

"बायको गेली बिचाऱ्याची," व्हर्ना म्हणाली. "घरी आहे कोण सही करायला?" आणि तिने पेन उचलून स्वतःच सही ठोकली. डोरीनने खिडकीबाहेर पाहिलं.

दुपारी क्रिस्टाचं पाकीट आलं. अक्षर व्हर्नाने लगेच ओळखलं.

डोरीन हळूच म्हणाली, "कर गं सही. सकाळी केलीसच की. पोर एकटी राहते, तुलाच ठाऊक."

"लोक म्हणतील, व्हर्नाने पोरीचं मत आत ढकललं."

"लोकांना कळणार कसं?"

"मला कळेल," व्हर्ना म्हणाली आणि पाकिटावर 'बाद'चा शिक्का मारला. आपला तो बाब्या, असं जग म्हणतं. इथे परका म्हातारा बाब्या ठरला आणि पोटची पोर कार्टं. हे मी रागाने लिहितो आहे आणि राग मला लपवायचा नाही. त्या पाकिटात मत कुणाला आहे, हे त्या बाईला ते न उघडताही ठाऊक होतं.

फेरमोजणीनंतर बॉलिंग एका मताने निवडून आला. काउंटीभर हसं झालं, कुणाच्या तरी आळसाने ऑल्ड्रिजबाई पडली म्हणून. आपलं मत बाद झाल्याचं पत्र क्रिस्टाला टपालाने मिळालं. कामावरच्या बायका आईला नावं ठेवू लागल्या, तेव्हा ती म्हणाली, "आई तशीच आहे. कुणालाही सोडलं नसतं तिने. चूक माझीच." हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानसुद्धा होता.

फेब्रुवारीत कायदा एका मताने पडला. ते मत बॉलिंगचं. मे महिन्यात लॉनीने तिचं घर शोधून काढलं आणि कुणाच्या नजरेस न पडता तो दारात रिकामी काडतुसं ओळीने मांडून गेला. क्रिस्टा ती पिशवीत घालून कोर्टात गेली. न्यायाधीश भला माणूस होता. म्हणाला, "बाई, मला दिसतंय सगळं. पण बंदुका काढून घ्यायला माझ्या हातात कायदा नाही."

जूनमध्ये, भर दुपारी, किराणा दुकानाच्या आवारात लॉनीने तिच्यावर तीन गोळ्या झाडल्या. तिने चेहऱ्यापुढे उजवा हात धरला म्हणून ती वाचली. हात कोपरापासून काढावा लागला. लॉनी तुरुंगात गेला, आणि त्याच्या बंदुका त्याच संध्याकाळी जप्त झाल्या, सगळ्या अकरा.

दवाखान्यात डोरीन भेटायला आली आणि रडत रडत होमरच्या पाकिटावरच्या सहीचं सगळं सांगून बसली. तिला मन हलकं करायचं होतं. ते तिने क्रिस्टाच्या उशाशी केलं.

दुसऱ्या दिवशी व्हर्ना मक्याचा पाव घेऊन आली. डाव्या हाताने कसं खावं, ते दाखवू लागली.

"आई," क्रिस्टा म्हणाली, "त्या दिवशी सहीविना पाकिटं किती आली होती?"

व्हर्ना पावाचे तुकडे करत राहिली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"दोन."

"आणि बाद किती केलीस?"

"एक."

क्रिस्टाने आईच्या हातांकडे पाहिलं. मग डाव्या हाताने घंटीचं बटण दाबलं, आणि नर्स आल्यावर म्हणाली, "या बाईंना बाहेर न्या. माझा पत्ता यांनाही देऊ नका."