नॉर्माबाई गाडीपर्यंत आल्या होत्या

नॉर्मा टॉलेफसन एकतीस वर्षं आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. गावातलं एकही पोर असं नाही, ज्याच्या ताटात त्यांनी हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं मांस-बटाट्याचं कालवण, वाढलं नाही. मला तर त्या न मागता दुसऱ्यांदा वाढायच्या. घरी माझ्या पोटाला काय मिळतं हे त्यांना ठाऊक होतं, पण तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

तेवढी वर्षं डाव धरून धरून त्यांची बोटं वाकडी झाली. नवरा गेल्यावर मागच्या अंगणातला गरम पाण्याचा टब हाच त्यांचा वैद्य. बाहेर उणे पंचवीस असलं तरी सकाळी सहाला लोकरी टोपी घालून त्या पाण्यात बसायच्या. पाण्याच्या जोरदार धारांखाली हात धरले की दुपारपर्यंत बोटं वळायची, नाहीतर साधं बटणही लागायचं नाही. तो टब दुरुस्त करणारा मी, ड्वेन. उत्तर मिनेसोटाच्या आमच्या या कोपऱ्यातले निम्मे टब माझ्याच हाताखालून जातात, आणि त्याचा मला ताठा होता.

जानेवारीत एका शुक्रवारी मी त्यांच्या पंपाचं गळकं सील बदललं. पंप काढताना टबातलं पाणी वाहून जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंच्या झडपा बंद करायच्या आणि काम झालं की उघडायच्या, हे शिकाऊ माणसालाही कळतं. पण मित्र तळ्यावर बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसले होते आणि माझं अर्धं चित्त तिकडे. पंप चालवूनही न बघता मी टबाच्या बाजूचा पत्रा लावला आणि निघालो.

सोमवारी फोन आला, की मोटर नुसती घुमतेय, फिरत नाही. गेलो तर नॉर्माबाईंच्या मागे त्यांची मुलगी कार्ला उभी. ती मिनियापोलिसहून आली होती ती एकाच कामासाठी, आईला वृद्धाश्रमात न्यायचं की नाही ते ठरवायला. शेगडी चालू राहिली, किल्ल्या हरवल्या, अशी यादीच तिच्याकडे होती. नॉर्माबाईंना घर सोडायचं नव्हतं.

मी वीज तोडली. मोटरला सुरू होताना जोर देणारा कपॅसिटर तपासला, तो धडधाकट. मोटरच्या मागून दांडा हाताने फिरवून पाहिला, जागचा हलेना. पंप पाण्यावाचून कोरडाच फिरला होता, सील जळलं होतं, बेअरिंग आवळून बसलं होतं. पाणी कुठे अडलं ते बघायला वाकलो तर खालची झडप बंद. माझ्याच हातांनी बंद केलेली. त्या थंडीतही माझे कान तापले.

"काय झालंय?" कार्लाने विचारलं.

"झडप बंद राहिलीय," मी म्हणालो. "केली असेल कुणीतरी."

असं म्हणून मी पान्यांच्या पेटीत डोकं खुपसलं. कार्ला आईकडे वळली. "आई, तू इथे हात घातला होतास का?"

नॉर्माबाई माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "घातला असेल बाई. आठवत नाही."

कार्लाची यादी पुरी झाली होती, हे मला दिसत होतं आणि तरी माझी जीभ उचलली नाही.

नवी मोटर बसवली, दोन्ही झडपा उघडल्या, चालवून पाहिलं. नेहमीप्रमाणे मी दोनदा नको म्हणालो आणि तिसऱ्यांदा कॉफीला बसलो. नॉर्माबाईंनी जॅमची बरणी माझ्यापुढे सरकवली. "उघडून दे रे, माझ्याच्याने होत नाही." जिला बरणीचं झाकण फिरत नव्हतं, तिने ती घट्ट झडप कशी बंद केली असेल, हे कार्लाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. मी बरणी उघडली आणि निलाजऱ्यासारखा पावाला जॅम लावून खाल्ला.

आमच्याकडे पाहुणा एका दमात निघत नाही. एक निरोप टेबलापाशी, एक दारात, एक गाडीपाशी. त्या दिवशी नॉर्माबाई कोट न घालताच गाडीपर्यंत आल्या. मी काच खाली केली. तळ्यावरच्या बर्फाचं बोलून झालं, माझ्या आईच्या गुडघ्याचं झालं. मग त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

"बरं मग," मी म्हणालो.

"बरं मग," त्या म्हणाल्या. मी गाडी काढली.

मार्चमध्ये त्या घरावर विक्रीची पाटी लागली. एप्रिलमध्ये एकदाचा धीर करून मी कार्लाला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, घर मागच्याच आठवड्यात विकलं गेलं.

तसाच वृद्धाश्रमात गेलो. तिथे टब नाही. एक परिचारिका नॉर्माबाईंच्या स्वेटरची बटणं लावत होती. ती गेल्यावर मी मान खाली घालून सांगितलं, की झडप मीच विसरलो होतो.

"ठाऊक होतं की," त्या म्हणाल्या.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पोरीसमोर तुझी अब्रू काढू?" त्यांनी वाकडी बोटं माझ्या हातावर ठेवली. ती गार होती. "म्हणून तर त्या थंडीत गाडीपर्यंत आले होते रे. म्हटलं, तिथे तरी सांगशील."