शेवळांची पंगत

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. ती जाण्याआधी आठ दिवस मी तिच्या उशाशी बसून होतो, आणि रोज वाटायचं, आज सांगावं. मरणाऱ्या माणसावर आपलं ओझं कशाला टाकायचं, अशी स्वतःची समजूत घालून गप्प राहिलो. खरं कारण ते नव्हतं. तिनं माझ्याकडे कसं पाहिलं असतं — त्याची भीती होती. तुम्ही मला ओळखत नाही. बहुधा म्हणूनच आज हात चालतो आहे.

पुण्यात, नारायण पेठेत, तात्यासाहेबांच्या घरी मी जन्मभर स्वयंपाक केला. लोक मला मानतात. माझ्या हातची पुरणपोळी खाल्लेले म्हातारे अजून भेटले की तिची आठवण काढतात. पण त्या घरातली पहिली सहा वर्षं मी मुख्य आचारी नव्हतो. मुख्य आचारी केशवभट होते, आणि मी त्यांच्या हाताखाली. ते का गेले असं कुणी विचारलं की मी एकच उत्तर देत आलो — त्यांच्या हातून चूक झाली.

चूक. किती सोपा शब्द आहे, नाही?

केशवभट घाटाखालचे, कल्याणच्या बाजूचे. तात्यासाहेब तरुणपणी तिकडे कामावर होते, तिथेच त्यांना शेवळांची चटक लागली आणि येताना ते या आचाऱ्याला बरोबर घेऊन आले. तुम्ही शेवळं पाहिली आहेत का? पावसाच्या तोंडावर रानात जमिनीतून सरळ वर येणारा कोंब — पान नाही, फांदी नाही. जांभळट, ओला, स्वतःतच गुंडाळलेला. फणा मिटून बसलेल्या नागासारखा. नुसता शिजवून खाल्ला तर घसा सोलून निघतो, जीभ सुजते. त्याला उतारा म्हणजे काकडं. तीही त्याच रानात, त्याच दिवसांत येतात. आवळ्याहून लहान, हिरवी, आंबट फळं. ती ठेचायची, पिळायची आणि तो दाट रस भाजीत ओतायचा. मग तीच भाजी लोण्यासारखी घशाखाली उतरते म्हणतात. म्हणतात — कारण मी ती कधी तोंडात घातली नाही.

दर वर्षी ज्येष्ठ सरताना एक कावडवाला बोरघाट चढून यायचा. पळसाच्या ओल्या पानांत शेवळं आणि फडक्यात बांधलेली काकडं. त्या दिवशी घरात दोन तट पडायचे. तात्यासाहेब सकाळपासून तीनदा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन जायचे. वहिनीसाहेब म्हणायच्या, "त्या नागोबाला माझ्या चुलीपासून लांब ठेवा," आणि वामकुक्षी होईपर्यंत आत पाऊल टाकायच्या नाहीत. मी वहिनीसाहेबांच्या तटातला. देशावरचा माणूस मी. ज्वारी, वांगं, हरभरा — याला अन्न म्हणतात हे मला शिकवलेलं. केशवभट हसायचे. "गोविंदा, तुमच्याकडे वांगं सोडून काही उगवतं का रे?" त्यात विष नव्हतं. आज ते मला कळतं. तेव्हा कळत होतं का? कळत असावं, आणि तरीही.

एका पंगतीत मी केलेलं पिठलं वाढलं गेलं. जरा करपलं होतं. तात्यासाहेबांनी भुवई उंचावली, तर केशवभट वाढता वाढता म्हणाले, "हे अन्न नव्हे, तात्यासाहेब, प्रायश्चित्त आहे. ज्यानं पाप केलं असेल त्यानंच घ्यावं." पंगत हसली. तेवढ्यावर संपलं असतं, पण पुढे वर्षभर कुणी ना कुणी पाटावर बसता बसता विचारायचं, "काय गोविंदभट, आज प्रायश्चित्त आहे का?" आणि मी हसायचो. असं हसायला किती ताकद लागते, ते ज्याच्यावर हसतात त्यालाच कळतं.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. एवढ्यावरून माणूस काय करून बसतो, ते कळावं म्हणून सांगतो.

पुढच्या वर्षी, नेमकं शेवळांच्या दिवसांत, तात्यासाहेबांच्या मुलीचं लग्न ठरवायला वाईहून पाहुणे आले. होणारे व्याही, त्यांचे दोन भाऊ आणि एक म्हातारे काका. शेवळं करायची असं केशवभटांनीच सुचवलं. काकडं ठेचायचं काम माझं. उखळात ठेचली, पिळली, दगडी वाडग्यात दाट हिरवा रस जमला. मी तो वाडगा उचलला, परसात गेलो, आणि सगळा रस केळीच्या आळ्यात ओतला. मग उरलेल्या चोथ्यावर पाणी घातलं, दोनदा पिळलं आणि ते पाणी केशवभटांच्या हातात दिलं. रंग तोच होता. वासही तोच.

त्यांनी चव का घेतली नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. सोवळ्यातला आचारी नैवेद्याआधी काही चाखत नाही. मीठ तो डोळ्यांनी जोखतो, तिखट वासानं. जिभेला देवाच्या आधी काही लागू द्यायचं नाही. मी याच नियमावर विसंबलो होतो. पाहुण्यांचे घसे जरा खाजतील, तात्यासाहेब शरमतील, एकदा तरी हसू केशवभटांवर येईल — इतकंच माझ्या मनात होतं. देवाशपथ इतकंच. पण शपथेला आता काय अर्थ?

पंगत बसली, तात्यासाहेब आग्रह करायला उभे राहिले. पहिले दोन घास सगळ्या पाहुण्यांनी कौतुकानं घेतले. मग एकानं खाकरून पाणी मागितलं. दुसऱ्यानं मागितलं. म्हाताऱ्या काकांनी मात्र पाणी मागितलं नाही — त्यांनी दोन्ही हातांनी गळा धरला. ओठ सुजले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. व्याही पाटावरून उठले. तात्यासाहेबांकडे पाहून ते एकच शब्द बोलले, तोही सावकाश.

"विष."

त्या काळात पुण्यात हा शब्द उच्चारणं म्हणजे काय होतं, ते तुम्हाला कसं सांगू? मोठ्या घरांतून विषाच्या नुसत्या संशयावर माणसं नाहीशी झालेली आम्ही ऐकली होती. तात्यासाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी शिपायाला हाक मारली आणि बुधवारातल्या कोतवाल चावडीचं नाव घेतलं. कुणी ताकाची घागर आणली, कुणी तूप. काकांना भिंतीशी टेकवून बसवलं.

केशवभट स्वयंपाकघरातून बाहेर आले. ते घाबरले नव्हते. मला वाटतं, त्यांना राग आला होता, आपल्या भाजीचा अपमान झाल्याचा. ते म्हणाले, "माझ्या अन्नात विष? आणा ते पातेलं." आणि सगळ्यांच्या देखत मांडी घालून बसले, पत्रावळीवर पळीनं शेवळं घेतली आणि खाऊ लागले.

मी खांबाशी उभा होतो. पहिला घास त्यांच्या तोंडात गेला आणि त्यांचा हात थांबला. जन्मभर ही भाजी खाल्लेला माणूस — त्याला कळायला किती वेळ लागणार? त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पत्रावळीकडे वळून दुसरा घास घेतला. थांबले असते तर तीच कबुली ठरली असती. त्यांनी पत्रावळ संपवली. मी मोजलं नाही, पण प्रत्येक घास पाहिला.

माझ्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर? "थांबा, रस मी बदलला" — चार शब्द. ते जिभेवर आले होते का? नाही. तेही खरं सांगतो. माझ्या मनात फक्त चावडी होती.

ते उभे राहिले तेव्हा त्यांचा गळा फुगला होता. तात्यासाहेब म्हणाले, "केशवभट, बोला. काकडांचा रस घातला होता की नाही?" त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही, नुसती घरघर. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

तात्यासाहेब माझ्याकडे वळले. "तू ठेचलीस ना काकडं?"

"हो."

"रस दिलास?"

"दिला. त्यांनी तो ओतला नाही. बाजूला ठेवलेला मी पाहिला."

हे खोटं मी असं बोललो, की जणू सकाळपासून पाठ करून ठेवलं होतं. नव्हतं ठेवलं. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

पण मी जे सांगायला बसलो आहे ते हेही नाही.

केशवभट मटकन खाली बसले. समोर ताक सांडलेलं होतं, काळ्या फरशीवर. त्यांनी त्यात बोट बुडवलं आणि कोरड्या दगडावर अक्षरं काढू लागले. त्यांना लिहिणं फारसं येत नसे. सावकाश, लहान मुलासारखं काढत होते. तात्यासाहेब काकांकडे वाकले होते, व्याह्यांची केशवभटांकडे पाठ होती. मला दिसलं — गो. मग वि. पांढरी, स्वच्छ, दुरून वाचता येतील अशी.

जेवण झालं की उष्टी काढून तिथे शेणगोळा फिरवायचा, हे हाताखालच्या माणसाचं काम. मी शेणगोळा उचलला आणि गुडघ्यांवर बसलो. त्यांच्या समोर. आमची डोकी हातभर अंतरावर होती. त्यांनी माझं मनगट धरलं — घट्ट नाही, नुसतं धरलं. मी ते सोडवलं आणि फरशी पुसली. नीट पुसली, कडेपर्यंत. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पंगत उठली होती, गोविंदा साफ करत होता.

काका संध्याकाळपर्यंत बरे झाले. लग्न मोडू नये म्हणून तात्यासाहेबांनी चावडीचा विचार सोडला आणि केशवभटांना त्याच दिवशी शहराबाहेर काढलं. दोन गडी त्यांना खडकीच्या पुढे सोडून आले. तीन-चार दिवसांनी त्यांचा आवाज परत आला असेल. तोवर ते घाट उतरले असतील. तिथे कुणाला सांगणार, आणि कोण ऐकणार?

त्यांची जागा मला मिळाली.

दीड वर्षानं एका दुपारी मागच्या दाराशी एक बाई आली. केशवभटांची बायको. कल्याणपासून चालत, एका काफिल्याच्या सोबतीनं. तिनं सांगितलं, तिकडेही बातमी पोचली आहे, त्यांना कुणी स्वयंपाकाला बोलावत नाही, श्राद्धालासुद्धा नाही. मुलीला सांगून आलेलं स्थळ परत गेलं. तात्यासाहेबांनी दोन ओळी लिहून द्याव्यात, यांच्याकडून अपराध घडला नाही एवढंच. मग ती म्हणाली, "हे म्हणाले, आधी गोविंदाला भेट. त्याला सगळं ठाऊक आहे, तो सांगेल."

तिला काही माहीत नव्हतं. त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं. नुसतं माझ्याकडे पाठवलं होतं.

मी म्हणालो, "यजमान गावाला गेले आहेत. केव्हा येतील सांगता येत नाही."

तात्यासाहेब आत झोपाळ्यावर बसले होते. कड्या कुरकुरत होत्या, आणि मधूनच त्यांचं खाकरणं ऐकू येत होतं. मला ऐकू येत होतं म्हणजे तिलाही येत असणार. तिनं आत पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली. मी दाराला कडी लावली.

केशवभटांकडून त्या दिवशी काहीही चुकलं नव्हतं. त्यांची भाजी बरोबर होती. जे घडलं ते मी केलं — गोविंदानं, नारायण पेठेतल्या आचाऱ्यानं.