साडूंचा स्टड

माझ्या साडूंमध्ये नखाएवढाही दोष नाही, आणि हे मला गेली एकवीस वर्षं सोसत नाही.

आमच्या दोघांकडे एकाच साली घेतलेल्या, एकाच निळ्या रंगाच्या जुन्या स्कूटरी. दिलीपरावांची पहिल्या किकला सुरू होते. माझी सुरू व्हायला गल्लीतली चार माणसं लागतात (त्यातली दोन आता गल्ली सोडून गेली). सासूबाई मोहोळला असतात. मागच्या धोंड्याच्या महिन्यात त्यांनी दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं, तेव्हा माझी गाडी टेंपोत बसून पोचली. टेंपो दिलीपरावांनी बोलावला होता! "दिलीपरावांनी गाडी बघा कशी ठेवलीय," पुरण वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या. ते पुरण मला कडू लागलं.

यंदा पुन्हा अधिक महिना आला. मी ठरवलं, काही झालं तरी या खेपेला आपल्या गाडीवर, आपल्या बायकोला घेऊन, दिलीपरावांच्या आधी मोहोळ गाठायचं.

"दाजी गाडीची सगळी कामं घरीच करतात," बायको म्हणाली.

मग मीही पाना घेऊन बसलो. तेवढ्यात दाजींचाच फोन. "हेडचे नट लई आवळू नका बरं का. जुने स्टड हायत, तुटतील."

आता हे मला शिकवणार! मी पान्याला नळाचा पाइप जोडला आणि मुद्दाम आणखी एक पिळा दिला. कट् झालं. इंजिनाचं डोकं धरून ठेवणाऱ्या चार स्टडांपैकी एकाचा अर्धा तुकडा पान्यासकट माझ्या हातात आला.

आमच्या बाशाभाई मिस्तरीनं आत अडकलेला तुकडा काढला, पण नवा स्टड त्याच्याकडे नव्हता. "साहेब, ही गाडी बनायचीच बंद झाली की. स्टड कुठनं आणू?"

दोन दिवस तो तुटका तुकडा शर्टाच्या खिशात घालून मी सगळं सोलापूर पालथं घातलं. एका दुकानदारानं तर त्याला हात जोडले. "आमच्या वडलांच्या काळातला माल," म्हणाला. लेथवाला करून द्यायला तयार होता, पण मंगळवारी. जेवण रविवारी.

शनिवारी बाशाभाई म्हणाला, "तुमच्या साडूंकडं असंल. मागा की."

"मी? त्यापेक्षा मोहोळला चालत जाईन."

मग मी डोकं चालवलं (ते नेहमी महागात पडतं). "तुम्ही जावा. माझं नाव काढू नका. सांगा, परगावचं गिऱ्हाईक हाय, बायकोला माहेरी न्यायला निघालंय आणि वाटेत अडकलंय."

दुपारपर्यंत स्टड आला.

रविवारी मोहोळात शिरताना मी विनाकारण पाच वेळा हॉर्न वाजवला. सासूबाई दारात आल्या. "दिलीपराव अजून आले नाहीत वाटतं?" मी साखर पेरत विचारलं. त्या तासाभरात मी जितका सुखी होतो, तितका लग्नातही नव्हतो.

मग दिलीपराव आणि मेहुणीबाई स्टँडवरून पिशवी घेऊन चालत आले.

"गाडी कुठंय?" सासूबाईंनी विचारलं.

"काल ह्यांनी आपलं चालतं इंजिन उघडून त्यातला स्टड काढून दिला," मेहुणीबाई म्हणाल्या. "कुणाला, ते माहीत नाही."

"कुणी का असेना," दिलीपराव म्हणाले. "बिचारा बायकोला माहेरी घेऊन निघाला होता. सासरी त्याची शोभा व्हायला नको की."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "शिका जरा." मी अख्खा अनारसा तोंडात कोंबला, म्हणजे बोलायला नको.

संध्याकाळी सासूबाईंनी फर्मान काढलं. "पोरी येतील एसटीनं. दिलीपरावांना तुम्ही गाडीवर न्या. जपून न्या हं."

मोहोळ सोडल्यापासून दिलीपराव मागे बसून माझं कौतुक करत होते. "झकास पळतीय की गाडी! काय केलंत हो?" आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून देवाला विनवलं, गाडी आत्ताच्या आत्ता बंद पाड.

पण ती कुठली बंद पडतीय? स्टड दिलीपरावांचा होता.