जिथं बोललास तिथं सांग

पिंपरी पेंढारच्या सोपान कुटे यांना आमच्याकडं सगळे टोमॅटोवाले सोपानभाऊ म्हणतात. मी गावच्या पोस्टात आहे. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन बांध सोडून, त्यामुळं पुढं जे घडलं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सोपानभाऊ शिकले दहावीपर्यंत, पण बोलायला बसले की माणूस हातातलं काम विसरतो. लॉकडाऊनमध्ये बाजार बंद होते तेव्हा त्यांनी शेतातूनच मोबाईलवर व्हिडिओ करायला सुरुवात केली. झाड तारेला कसं बांधायचं, करपा रोग कसा ओळखायचा, पाणी कधी तोडायचं. तीन वर्षांत त्यांच्या पेजवर चाळीस हजार माणसं जमली. जुन्नर-आंबेगावात कुठंही जा, "सोपानभाऊ बोलले म्हंजी खरं" असं ऐकू यायचं. ते खरंही असायचं. स्वतः करून बघितल्याशिवाय ते काही सांगत नसत.

त्या उन्हाळ्यात त्यांचा पावणेदोन एकर टोमॅटो होता. झाडं कमरेला लागलेली, फुलं लगडलेली. करप्याचे ठिपके दिसले म्हणून त्यांनी आळेफाट्यावरच्या माणिकचंद शेठांच्या दुकानातून औषध आणलं आणि फवारलं. पाचव्या दिवशी सकाळी शेतात गेले तर झाडांचे शेंडे पिळवटून खाली वळलेले, पानं दोऱ्यासारखी बारीक, आणि सरीत फुलांचा सडा.

तिथंच, बांधावर उभं राहून, त्यांनी मोबाईल सुरू केला. एका हातात औषधाची बाटली. "बघा शेतकरी बांधवांनो, हे माणिकचंद शेठनी दिलेलं औषध. चाळीस वर्षं आमच्या जिवावर दुकान चालवलं आन् आज बोगस माल देऊन माझं शेत जाळलं. ह्या दुकानाची पायरी कुनी चढू नका." पावणेदोन मिनिटांचा व्हिडिओ. संध्याकाळपर्यंत तो दोन लाख लोकांनी पाहिला.

मीही तो पुढं पाठवला. मेव्हण्याला, वर्गमित्रांच्या ग्रुपला आणि गावच्या ग्रुपला. खाली लिहिलं, 'सावध राहा.' माणिकचंद शेठांना मी वीस वर्षं ओळखत होतो. पाठवताना एकदाही त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला नाही.

शेठ सत्तरी ओलांडलेले. त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडं आले. शेठांचा जन्म आळेफाट्याचाच. त्यांची एक सवय सगळ्या शेतकऱ्यांना ठाऊक होती. रोगट फांदी हातात घेऊन बघितल्याशिवाय ते औषध देत नसत. "आधी फांदी घेऊन ये, मग बोलू," म्हणून माणसाला दहा किलोमीटर माघारी पाठवायचे.

व्हिडिओच्या दुसऱ्या दिवशी शेठांचा मुलगा अंकित याचा सोपानभाऊंना फोन आला. "काका, त्याच खोक्यातली बाटली आम्ही तपासायला पाठवतोय. अहवाल येईपर्यंत तेवढा व्हिडिओ खाली घ्या."

"शेत माझं जळालं आन् तुमाला व्हिडिओ टोचतोय व्हय?" सोपानभाऊंनी फोन ठेवला, आणि दुकानदार आता दाबायला बघतोय, असा दुसरा व्हिडिओ टाकला. पहिला लोकांनी पाहिला होता; हा पाहून लोक पेटले.

आठवड्याभरानं त्यांच्या पत्नी ठकूबाई जनावरांना गवत आणायला शेताच्या वरच्या अंगाला गेल्या. परत आल्या त्या भारा खाली न टाकताच म्हणाल्या, "अवं, वरच्या सहा सऱ्या चांगल्या हायेत. हिरव्यागार."

सोपानभाऊ धावत गेले. खरंच, सहा सऱ्या जशाच्या तशा. त्यांना आठवलं, फवारता फवारता बॅटरीचा फवारणी पंप बंद पडला होता, म्हणून शेवटच्या सहा सऱ्या त्यांनी जुन्या, हातानं दाबायच्या पंपानं मारल्या होत्या. औषध तेच, बाटली तीच.

"बॅटरीच्या पंपानं तुमी आदल्या आठवड्यात उसात काय मारलं व्हतं?" ठकूबाईंनी विचारलं.

उसात त्यांनी तणनाशक मारलं होतं. रुंद पानाचं काहीही जाळणारं. त्यानंतर पंपात तांब्याभर पाणी घालून हलवला, ओतला आणि खुंटीला टांगला. टाकीच्या तळाशी आणि नळीत राहिलेलं तेवढं टोमॅटोला पुरेसं होतं.

"मी न्हाई कुनाला बोलायची," ठकूबाई हळूच म्हणाल्या. "पन तुमाला झोप लागंल का?"

सोपानभाऊ चार दिवस गप्प बसले. हे त्यांनी नंतर स्वतःच मला सांगितलं, आणि सांगताना ते चार दिवस कधी लपवले नाहीत. अहवाल येऊ दे, मग बघू, असं मनाला समजावत होते. व्हिडिओ नुसता काढून टाकावा, असंही एकदा मनात आलं. काढला तर लोक विचारतील, का काढला. म्हणून तोही तसाच राहिला.

पाचव्या दिवशी रविवार होता. वीस-पंचवीस माणसं आळेफाट्याला दुकानासमोर जमली. त्यातल्या निम्म्यांनी सोपानभाऊंना कधी पाहिलेलंही नव्हतं. पाटीवर काळं ऑईल फेकलं, औषधांची खोकी रस्त्यावर आणली. शेठ आडवे गेले. "अरे, माल नका तुडवू, विषारी आहे, पायाला लागेल," असं ते म्हणत होते. कुणाचा धक्का लागला ते कळलं नाही. शेठ पायरीवरून खाली पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. कुणीतरी तेही मोबाईलवर घेतलं. सोपानभाऊंनी घरी बसून ते पाहिलं, आणि त्यात घोषणा ऐकली, "सोपानभाऊ, तुम आगे बढो!"

ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, "गाडी काढ." 

दवाखान्यात खोलीच्या दाराशी शेठांच्या पत्नी सुमतीबाई बसल्या होत्या. सोपानभाऊंना पाहून त्या उठल्या नाहीत, की आत जाऊ नका असंही म्हणाल्या नाहीत. तोंड फक्त भिंतीकडं फिरवलं. आत पलंगापाशी जाऊन सोपानभाऊंनी सगळं सांगितलं. पंप, ऊस, सहा सऱ्या, चार दिवस. शेवटी त्यांनी शेठांच्या पायांवर डोकं ठेवलं. अंकित रागानं पुढं आला. शेठांनी त्याला हातानं थांबवलं.

"सोपान, माझ्या मालात खोट नव्हती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ते म्हणाले. "मला सांगून काय उपयोग? जिथं बोललास तिथं सांग. ज्यांना सांगितलंस त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानभाऊ त्याच बांधावर उभे राहिले. पुढ्यात बॅटरीचा पंप. मोबाईल मी धरला होता. "चूक माझी हाय. औषध चांगलं व्हतं, पंप मी धुतला न्हवता. मला हे शेठ पडायच्या चार दिवस आधी कळलं व्हतं, तरी मी गप्प बसलो. शेठ पडले ते माझ्या बोलन्यानं पडले." एवढं बोलून ते थांबले. मी विचारलं, अजून काही? ते म्हणाले, "न्हाई. जास्त बोललो तर ते सारवासारव हुईल."

तो व्हिडिओ नऊ हजार लोकांनी पाहिला. खाली लिहिलेलं वाचवत नव्हतं. 'किती घेतले भाऊ?' 'घाबरवलं वाटतं.' त्यांचा सख्खा भाऊ भिमाजी म्हणाला, "घरान्याची लाज काढलीस. गप पुसून टाकायचा व्हता." सोपानभाऊंनी आधीचे दोन्ही व्हिडिओ पुसले नाहीत. त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत 'हे खोटं आहे, मीच सांगतोय' असं लिहिलं आणि खाली हा नवा जोडला. मग ज्या ज्या ग्रुपवर ते फिरले होते तिथं एकेकाला कळवत गेले. उरलेल्यांसाठी आठवडी बाजार गाठले. ओतूर, आळेफाटा, मंचर. चहाच्या टपरीशी उभे राहायचे आणि माणसं जमली की तेच चार शब्द सांगायचे. काही ऐकून घ्यायचे, काही हसायचे. एका म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या. त्या त्यांनी मान खाली घालून घेतल्या. पोलीस ठाण्यातही त्यांनी स्वतः जाऊन जबाब लिहून दिला.

मीही ज्यांना पाठवला होता त्यांना खरं काय ते पाठवलं.  मेव्हण्यानं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं, बस.

दुकान आज अंकित चालवतो. बरीच गिऱ्हाइकं परत आली, काही कधीच आली नाहीत. शेठ आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. दुकानात परत बसले नाहीत. सोपानभाऊ दर अमावास्येला, शेतात औत नसतं तेव्हा, त्यांना भेटायला जातात. शेठ बोलतात. सुमतीबाई चहा आतून पाठवतात, स्वतः बाहेर येत नाहीत. "तो त्यांचा हक्कच हाय," सोपानभाऊ म्हणतात.

वर्षभर त्यांनी पेजवर काही टाकलं नाही. मग मागच्या हिवाळ्यात आंबेगावातल्या लोणीहून सुदर्शन नावाचे एक शेतकरी आले. रोपवाटिकेनं मिरचीची रोपं दिली होती, ती निघाली भलत्याच जातीची. "भाऊ, आत्ताच्या आत्ता व्हिडिओ टाका. तुमचं लोकं ऐकत्यात."

"आधी आपन तिथं जाऊ," सोपानभाऊ म्हणाले.

ते दोघं रोपवाटिकेत गेले, मालकाचं म्हणणं ऐकलं. शेत पाहिलं, शेजारच्या तिघांची रोपं पाहिली. कृषी खात्याकडं अर्ज दिला, पंचनामा झाला, अहवाल आला. बावीस दिवस गेले. सुदर्शन दोनदा चिडून उठून गेले. अहवालात रोपवाटिकेचीच चूक निघाली. तेव्हा सोपानभाऊंनी व्हिडिओ केला. मालकाचं उत्तरही त्यात घेतलं, आणि आपल्याला काय ठाऊक नाही तेही सांगितलं.

"लई उशीर झाला भाऊ," सुदर्शन म्हणाले. "त्याच दिवशी टाकला असता तर चांगला गाजला असता."

"गाजला असता," सोपानभाऊ म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला उठले.