एका श्वासात एकोणतीसचा पाढा

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेगम बाजारातल्या आमच्या दुकानात मिरचीचं पोतं उघडून वास घेत होतो. भाचीचं बोलणं ऐकलं आणि खोकल्याची अशी उबळ आली की थांबेना. "मामा, रडू नकोस रे," ती म्हणाली. खरं सांगायचं तर मला रडू आलंच नव्हतं. नुसता खोकला.

ताई माझी थोरली बहीण. वडिलांनी मिरची विकून तिला शिकवलं आणि ती शास्त्रज्ञ झाली. आयुष्यभर एकाच जातीच्या पेशींच्या मागे लागली, जन्मजात लसिकापेशी. मी एकदा वैतागून म्हणालो, "दम्यावर काम करतेस आणि सख्ख्या भावाला औषध देत नाहीस, कसली गं शास्त्रज्ञ तू?" तिने कप खाली ठेवला. "औषध काढणारे वेगळे. गोंधळ कोण घालतंय, ते मी बघते." मग सांगत बसली... फुप्फुसाच्या, आतड्याच्या अस्तरात या पेशींचा मुक्कामच असतो. शत्रू ओळखायला शिकण्यात बाकीच्यांचे दिवस जातात, या हाकेसरशी धावतात. जखम भरायलाही मदत करतात. "आणि माझ्याकडे?" "तुझ्याकडे मिरचीची धूळ उडाली की आग लागली म्हणून घरभर पाणी ओततात. पण शिव्या देऊ नकोस त्यांना. घरचीच माणसं आहेत, जरा तापट, तुझ्यासारखी."

धंदा सोड असं ती कधी म्हणाली नाही. पोती दुसऱ्याला उघडू दे, एवढंच म्हणायची. ते मला जमेना. वासावरून माल ओळखतो, हीच तर माझी बाजारातली पत. दर रविवारी ती नारायणगुड्याहून यायची, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि कसा आहेस विचारायच्या आधी म्हणायची, "हं, एकोणतीसचा पाढा. एका श्वासात." मराठी शाळेत दोघांनी मार खाऊन पाठ केलेला पाढा तो. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी... बऱ्या दिवशी मी दोनशेच्या पुढे जायचो, थंडीत चौथ्याच आकड्याला, सोळोदरसेला, म्हणजे एकशे सोळाला, अडकायचो. मग ती इनहेलर पुढे करायची आणि चहा मागवायला लावायची.

शेवटी तिलाच पोटाचा कर्करोग झाला. दवाखान्यात गेलो तर तिथेही तोच हुकूम. मी सोळोदरसेला थांबलो. "पोती अजून तूच उघडतोस ना?" "नाही गं." "हौ, हौ," म्हणून हसली. माझ्या छातीतली शिट्टी तिला पलंगावरून ऐकू येत होती.

ताईचे दिवस झाल्यावर पोती पुतण्याकडे सोपवली. सकाळी हात रिकामे वाटतात, नाकालाही चुकल्यासारखं होतं. औषध मात्र वेळेवर घेतो. परवाच्या रविवारी शटर अर्धं पाडून स्टुलासमोर उभा राहिलो आणि पाढा म्हटला. दोनशे नव्वद गाठलं, एका श्वासात, पहिल्यांदाच. मग तसाच थांबलो, ती आता काय म्हणते ते ऐकायला... आणि रडू आलं. खोकला नाही, नुसतं रडू.